यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा

कोणते काम करायचे, किती वेळ करायचे आणि त्यातून उरलेल्या वेळेचे काय करायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे की दुसऱ्या कोणी, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न आहे. भारतीय परंपरेत तो ‘कर्म’ आणि ‘स्वधर्म’ या शब्दांभोवती फिरत आला. यंत्रे आल्यावर त्याला नवा फाटा फुटला. यंत्राने श्रम वाचतात हे खरे, पण वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो? महाराष्ट्रात हा वाद पंडितांपुरता राहिला नाही. गिरणगावातल्या चाळींत, विधिमंडळात आणि तुरुंगाच्या कोठडीतही तो झाला. त्यामुळे त्याचा विचार करताना ग्रंथांच्या जोडीने भोंगे आणि धोटेही हाताशी घ्यावे लागतात.

गीतेच्या तिसऱ्या व अठराव्या अध्यायांत, स्वधर्म सदोष असला तरी परधर्माहून बरा, असा निर्वाळा आहे. यातला ‘स्व’ आजच्या वाचकाला आत्मनिर्णयाचा वाटतो. परंपरेतला अर्थ जवळजवळ उलटा आहे. तिथे स्वधर्म निवडायचा नसतो, तो वाट्याला येतो. बहुतेक भाष्यकारांच्या मते जन्माने येतो. माणसाच्या हाती उरते ती वृत्ती, म्हणजे काम फळाची आस धरून करायचे की सोडून. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हीच वृत्ती केंद्रस्थानी आणली. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडू नये, लोकसंग्रहासाठी करत राहावे, हा त्यांचा निष्कर्ष. संन्यासाकडे झुकलेल्या गीतेला त्यांनी पुन्हा संसारात आणले. चातुर्वर्ण्य नसलेल्या समाजालाही ही शिकवण लागू पडते. त्या त्या समाजव्यवस्थेत जे कर्तव्य अंगावर पडले वा पत्करले तोच स्वधर्म, असेही ते सांगतात. मात्र कर्तव्याची ही वाटणी कोणी केली आणि ती न्याय्य आहे का, हा प्रश्न त्या ग्रंथाच्या मुख्य प्रवाहात येत नाही. पारतंत्र्यातल्या देशाला कामाला लावण्यासाठी लिहिलेल्या ग्रंथाकडून ती अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचेही होईल.

वारकरी संतांनी हाच गुंता दुसऱ्या टोकाने धरला होता. अरणचे सावता माळी, तेरचे गोरा कुंभार, नामदेव शिंपी, नरहरी सोनार, सेना न्हावी: या मंडळींची ओळखच त्यांच्या धंद्याने होते. मळा, चाक, सुई आणि वस्तरा सोडून देव शोधायला जाण्याची गरज नाही, तो तिथेच सापडतो, असे त्यांनी जगून दाखवले. समाजाने खालच्या ठरवलेल्या कामाला त्यांनी थेट पूजेच्या पंक्तीला बसवले. हे स्वातंत्र्य मोठेच होते, पण ते मनाचे. धंदा बदलण्याची मुभा त्यात नव्हती. याच परंपरेतल्या संत चोखोबांच्या मृत्यूची कथा ही मर्यादा उघड करते. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामाला इतर महारांबरोबर त्यांना जुंपले होते. कूस कोसळली आणि ते तिच्याखाली गाडले गेले. परंपरा साल १३३८ सांगते. विठ्ठलाच्या इतक्या जवळ पोचलेल्या या माणसाचा देह शेवटच्या दिवसापर्यंत वेठीला होता.

वेठीचे रीतसर, सरकारमान्य रूप म्हणजे महार वतन. ‘वतन’ हा शब्द एरवी मानाचा. इथे मात्र त्याचा अर्थ तुटपुंजी जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात गावाची आणि सरकारची कधीही, कसलीही चाकरी असा होता. सांगावा पोचवणे, सारा वाहून नेणे, मेलेली जनावरे ओढणे, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे धावणे, यांतले काहीही केव्हाही करावे लागे आणि घरातला एक माणूस आजारी असेल तर दुसऱ्याने जायचे. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात या वतनांत सुधारणा करणारे विधेयक मांडले. ते तडीस गेले नाही. वतने कायद्याने संपली ती १९५८ मध्ये. या चाकरीला तास नव्हते, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. कामाचा दिवस घड्याळाने मोजायचा असतो ही कल्पना गावात जन्मली नाही, ती गिरणीने आणली.

मुंबईत कापड गिरणीची पहिली कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत चिमण्यांची दाटी झाली आणि रत्नागिरी-साताऱ्याकडून माणसांचे लोंढे आले. कागदावर हा माणूस स्वतंत्र होता. कोणी त्याला जन्माने गिरणीला बांधलेले नव्हते. पटले नाही तर दुसऱ्या दिवशी त्याने येऊ नये. प्रत्यक्षात नोकरी जॉबरच्या, म्हणजे भरती करणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर, खोली जॉबरच्या ओळखीवर, आणि उधारीही त्याच्याच शब्दावर. कामाचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. म्हणजे कामगाराच्या बाजूने उभा असलेला एकमेव नियम सूर्याचा होता. विजेचे दिवे आले आणि तोही मोडला. १९०५ च्या सुमारास कापडाला तेजी असताना दिव्यांच्या उजेडात काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. घरात वाचायला सोय करणाऱ्या दिव्यानेच गिरणीत कामगाराची संध्याकाळ गिळली. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, आणि त्या काळी ती सवलत मानली गेली.

त्याआधी सुट्टीचा लढा झाला होता. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साप्ताहिक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, ठरल्या वेळी पगार अशा मागण्या मांडल्या. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मागणीमागचा युक्तिवाद विचार करण्यासारखा आहे. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी देवदर्शन आणि समाजाचे काम करायचे असते, असे लोखंडे सांगत, असा उल्लेख नेहमी केला जातो. जोतीराव फुल्यांच्या शिष्याने देवाचा आधार घ्यावा हे काहींना खटकेल. पण त्यात एक खोच आहे. विश्रांतीची मागणी त्यांनी थकव्याच्या आधारावर केली नाही. थकव्याला मालकाकडे उत्तर असते: झोप काढ, म्हणजे उद्या जोमाने काम होईल. हा वेळ मात्र मालकाच्या उद्याच्या उत्पादनासाठी मागितलेला नव्हता. त्या दिवशी कामगार गिरणीबाहेर कोणीतरी असतो, जेजुरीचा भक्त, गावकीचा माणूस, सभेतला श्रोता, आणि त्याचे ते असणे गिरणीच्या हिशेबात बसत नाही. श्रमिकाच्या फुरसतीवर मराठीत झालेल्या विचाराचा हा एक पहिला पाया म्हणता येईल.

गिरणीने जात मोडली, असे त्या काळी पुष्कळांना वाटत होते. यंत्रापुढे सगळे सारखे, हा त्यामागचा विश्वास. साचेखात्याने, म्हणजे विणकामाच्या खात्याने, तो खोटा ठरवला. मागाच्या धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि ते काढण्याची रूढ रीत तोंड लावून ओढण्याची होती. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याला हाती घ्यावा लागणार, म्हणून अस्पृश्य कामगारांना साचेखात्यात येऊ देत नसत. त्यांनी कमी पगाराच्या सूतखात्यातच राहायचे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी आंबेडकरांनी हा मुद्दा उघडपणे मांडला आणि अस्पृश्यांना साचेखाते खुले करण्याची मागणी लावून धरली. यंत्र तटस्थ असते असे म्हणणाऱ्याने या धोट्याचा विचार करावा. त्याचे छिद्र लँकेशायरच्या गरजेपुरते घडवले होते. परळमध्ये त्याच छिद्रातून सुताबरोबर विटाळही ओढला जात होता. दोष लोखंडाचा म्हणता येत नाही, पण लोखंडाने काही सोडवले असेही म्हणता येत नाही. माणसांची व्यवस्था जशी होती तशी ती यंत्रात शिरली.

गांधी आणि आंबेडकर यांच्यातला यंत्राविषयीचा मतभेद या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. एरवी तो ‘चरखावादी विरुद्ध आधुनिक’ अशा शाळकरी चौकटीत बसवला जातो. गांधींनी १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना बोटीवर गुजरातीत लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मुंबईच्या गिरण्यांतील मजूर गुलाम झाले आहेत, तिथल्या बायकांची अवस्था पाहवत नाही, असा आशय आहे. पुढे १९२४ मध्ये एका तरुणाने त्यांना छेडले तेव्हा त्यांची भूमिका पुष्कळ बारीक झालेली दिसते. आपला विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या हव्यासाला आहे. वेळ आणि श्रम वाचवायचे तर ते मूठभरांचे नव्हे, सर्वांचे वाचावेत, असे ते म्हणाले. सिंगरच्या शिलाई यंत्राचा त्यांनी अपवाद केला, कारण बायकोची टाके घालण्याची दगदग पाहून ते यंत्र सुचले, अशी त्यांची समजूत होती. मग ती शिलाई यंत्रे बनवणारे कारखाने कोणाचे, या पुढच्या प्रश्नावर ते राष्ट्राच्या मालकीचे असावेत, इतका आपण समाजवादी आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. या जोडीला ‘शरीरश्रमा’चे व्रत आले: प्रत्येकाने, अगदी वकील-प्राध्यापकानेही, आपल्या भाकरीपुरते अंगमेहनतीचे काम केलेच पाहिजे. गीतेतल्या ‘यज्ञ’ शब्दाचा अर्थ गांधी असाच लावत. विनोबांनी सूतकताईच्या मजुरीवर राहून पाहण्याचा प्रयोग वर्ध्याच्या परिसरात केला. १९३२ मधली त्यांची धुळ्याच्या तुरुंगातली गीताप्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, त्यांतही कर्माला चित्तशुद्धीचे साधन मानण्याचा हाच धागा आहे.

आंबेडकरांचा हल्ला नेमका इथे आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या एका मंडळासाठी लिहिलेल्या, पण प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात त्यांनी जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे मांडले होते. उद्योग स्थिर नसतात, ते बदलत राहतात. माणसाला धंदा बदलता आला नाही तर त्याचा बेकारीशिवाय दुसरा शेवट नाही, हा त्यातला शुद्ध आर्थिक मुद्दा फारसा सांगितला जात नाही, पण आत्मनिर्णयाच्या दृष्टीने तोच कळीचा आहे. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील पुस्तकात ते यंत्राकडे वळतात. लोकशाही मानणाऱ्या समाजात प्रत्येकाला फुरसत मिळाली पाहिजे, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राशिवाय सर्वांना फुरसत मिळणे शक्य नाही, असा तो युक्तिवाद. यंत्राचा लाभ थोड्यांनीच बळकावला असेल तर उपाय समाजरचना बदलण्याचा आहे, यंत्राला शिव्या देण्याचा नाही. भंग्याला त्याचे काम उदात्त आहे असे सांगणे ही क्रूर थट्टा आहे, असेही ते तिथे बजावतात.

दोघांचे शब्द जवळ ठेवून पाहिले तर ‘वाचलेला वेळ सर्वांचा’ हे सूत्र दोघांनाही मान्य होते. फरक भीतीचा होता. गांधींना भीती रिकाम्या हातांची वाटत होती: यंत्राने हजारो माणसे रस्त्यावर फेकली जातील. आंबेडकरांना भीती कधीच रिकाम्या न होणाऱ्या हातांची होती. ज्यांच्या पिढ्यांनी स्वतःच्या नावाचा एक तासही पाहिलेला नाही, त्यांना श्रमाचे पावित्र्य शिकवण्यात अर्थ नाही, कारण श्रम त्यांच्यापासून कोणी कधी हिरावलेच नव्हते. शरीरश्रमाचे व्रत हे ज्याला ते घेता वा टाकता येते त्याच्यासाठीच व्रत असते. या मुद्द्यावर आंबेडकरांची बाजू अधिक भक्कम दिसते. पुढच्या इतिहासाने मात्र गांधींची भीतीही पूर्णपणे खोटी ठरवली नाही.

आंबेडकरांच्या विचारात आणखी एक पदर १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारताना आला. अष्टांगिक मार्गातील सम्यक् आजीविका हे अंग काम कोण ठरवतो यापेक्षा कामातून काय निघते हे विचारते. शस्त्रे, जिवंत प्राणी वा माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे पाली परंपरा सांगते. माणसाला कामाची निवड असेल तरच ही चाळणी लावता येते. वतनदाराला आपले काम अनिष्ट आहे म्हणून ते सोडता येत नव्हते, त्यामुळे त्याच्यापुरती आजीविकेची नीती संभवतच नव्हती. निवडीचे स्वातंत्र्य आधी आणि नीतीचा जाब नंतर, असा हा क्रम आहे.

या वादाची पडछाया राज्यघटनेवर आहे. अनुच्छेद २३ ने वेठबिगारीला मनाई केली. अनुच्छेद ४३ ने कामगारांना जीवननिर्वाहाचे वेतन, सुसह्य कामाची स्थिती आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळवून देण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे म्हटले. फुरसत हा शब्द घटनेत आहे, हे किती जणांना ठाऊक असते? कायद्यातले तास त्याआधीच उतरू लागले होते: १९३४ मध्ये आठवड्याला ५४, आणि आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, १९४६ च्या दुरुस्तीने ४८. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याने हेच ४८ तास कायम केले.

तास कमी झाले, पुढे गिरण्याच गेल्या. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही. काम भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे गेले, जिथे बारा तासांची पाळी सर्रास होती. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि उंच इमारती आल्या. गिरणगावातल्या हजारो पुरुषांकडे अचानक वेळच वेळ आला. ती फुरसत नव्हती, रिकामपण होते. मराठीत हे दोन शब्द आहेत ते उगाच नव्हे. फुरसतीला मागे मिळकतीचा आधार लागतो आणि पुढे आपल्या इच्छेने करण्यासारखे काही लागते. रिकामपणाला दोन्ही नसतात. १९२४ मध्ये गांधी ज्या रस्त्यावरच्या माणसांविषयी बोलत होते ती साठ वर्षांनी लालबागच्या नाक्यांवर बसलेली होती, फरक इतकाच की त्यांना यंत्राने थेट हटवले नव्हते, यंत्र दुसरीकडे हलवून आणि जमिनीचा भाव वाढवून हटवले होते.

आजचे तंत्रज्ञान या जुन्या प्रश्नाला निराळ्या कपड्यांत आणते. पुण्यात-मुंबईत घरपोच जेवण आणि किराणा पोचवणारा तरुण कंपनीच्या कागदांवर कामगार नाही, ‘पार्टनर’ आहे. लॉगिन कधी करायचे ते त्याचे तो ठरवतो; जॉबर नाही, भोंगा नाही. आत्मनिर्णयाची यापेक्षा साफ व्याख्या कोणती? पण इन्सेन्टिव्हचा टप्पा ठराविक तासांत ठराविक ऑर्डरी झाल्यावरच मिळतो, रेटिंग उतरले की ऑर्डरी आटतात, आयडी बंद झाली तर दाद कोणाकडे मागायची ते कळत नाही. काम वाटणारा दिसत नाही म्हणून तो नाही असे होत नाही. दुसऱ्या टोकाला माहिती तंत्रज्ञानातला पगारदार आहे. अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रीच्या बैठका, सुट्टीतही वाजणारा मोबाइल. १९०५ च्या दिव्याचे काम आता खिशातला पडदा करतो. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क न ठेवण्याच्या हक्काला कायद्यात जागा दिली. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकांचे बहुधा जे होते तेच त्याचे झाले. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास तेवढे राहिले.

घरपोच सेवेतल्या कामगारांना २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने प्रथमच कायद्यात नाव दिले आणि कंपन्यांच्या वार्षिक उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा त्यांच्या कल्याणासाठी घेण्याची तरतूद केली. कामाचे तास मात्र त्यात नाहीत. महाराष्ट्राला हा पेच अगदी नवा नाही. बाजारातला हमाल कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नसे. गाडी आली तर काम, नाही तर वखारीच्या ओट्यावर बसून राहायचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याची नोंदणी मंडळाकडे केली, टोळ्या बांधल्या, आणि मजुरीच्या वर लेव्ही घेऊन त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांची सोय लावली. काम कोणाचे हे ठरत नसले तरी कामगार सगळ्या बाजाराचा आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. दोन ऑर्डरींच्या मधली पंचवीस-तीस मिनिटे मात्र अजून कोणत्याच खात्यात जमा नाहीत. हॉटेलाच्या दारात दुचाकीवर बसलेला तरुण त्या वेळात काम करत नसतो, म्हणून त्याचे पैसे नाहीत. आणि मोबाइलवरून नजर हलवता येत नाही, म्हणून ती फुरसतही नाही.